पाठ केलेले उत्तर

धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पद्धत दिसावयास सोपी आहे. गुरुजींनी छापील प्रश्न विचारावा, मुलाने छापील उत्तर म्हणावे. परंतु यात मुलाचे स्वतःचे काय? प्रश्नही दुसऱ्याचा आणि उत्तरही दुसऱ्याचेच!

या पद्धतीने काय साधता येते ते अमेरिकेत दिसले. जॉर्जिया राज्याने १८२९ साली कृष्णवर्णीय गुलामांस लिहावयास-वाचावयास शिकविणे कायद्याने गुन्हा ठरविले. तेथील पाद्री चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे स्वतः गुलामांचे मालक होते. त्यांनी १८३७ साली गुलामांना तोंडी पढविण्यासाठी प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली. धन्याची आज्ञा पाळणे हे सेवकाचे धर्मकर्तव्य, असे उत्तर तीत तयारच होते. ‘मी गुलाम का?’ असे विचारावयास तेथे जागा कोठून असणार?

बौद्ध जगही या साच्यापासून अलिप्त राहिले नाही. कर्नल ऑल्कॉट यांनी १८८१ साली सिलोनात काढलेली बौद्ध प्रश्नोत्तरी ख्रिस्ती नमुन्यावरच बेतलेली होती. उलट, केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका, असा उपदेश भगवंतांनी कालामांस केला. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही प्रश्नच आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, हा त्यांतील पहिला. आणि त्याचे रूढ उत्तर बुद्धीस पटत नाही म्हणून त्यांनी ते नाकारले.

तेव्हा मुलांकडून पंचशील अवश्य पाठ करून घ्या; परंतु मुलाने ‘हे का?’ म्हणून विचारले तर त्याला गप्प बसवू नका. त्या ‘का’पासूनच धम्माचे शिक्षण सुरू होते.