तेलाचे भाव आणि बॅटरीचे संशोधन

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा तेलाला पर्याय शोधणाऱ्यांत अमेरिकेतील एक्सॉन ही बलाढ्य तेलकंपनीही होती. तिच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा पुन्हा भारित करता येणारी लिथियमची बॅटरी तयार केली. तिच्या एका अग्रात टायटॅनियम डायसल्फाइड हे धातू व गंधक यांचे संयुग होते. त्याची रचना वहीच्या पानांसारखी थरांची असते. या थरांमधील फटींत लिथियमचे विद्युत्‌भारित कण शिरतात आणि रचना न मोडता बाहेरही पडतात. १९७६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या बॅटरीत एक गंभीर दोष होता. दुसऱ्या अग्रावरील लिथियम धातूवर सुईसारखे तंतू वाढत; ते समोरच्या अग्राला भिडले की आगीचा धोका उद्भवे. परंतु एक्सॉनने हे काम सोडले ते केवळ या दोषामुळे नव्हे. ऐंशीच्या दशकारंभी तेलाचे भाव उतरू लागले आणि पर्यायाची निकडही ओसरली. कॅनडातील मोली एनर्जीने मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरून अशा बॅटऱ्या बाजारात आणल्या. पण १९८९ साली जपानमध्ये एका फोनमधील बॅटरीने पेट घेतला, विकलेला माल परत घ्यावा लागला आणि कंपनी बुडाली.

दोषाचे निवारण इतरत्र होत होते. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी सल्फाइडऐवजी कोबाल्ट ऑक्साइड योजले; १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूच्या जागी कार्बनयुक्त पदार्थ आणला. १९९१ साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. सल्फाइड मागे पडले, पण थरांतील लिथियमच्या ये-जा करण्याचे तत्त्व तेच राहिले. २०१९ चे नोबेल पारितोषिक या तिन्ही शास्त्रज्ञांना विभागून मिळाले. बाजारातील पहिला लाभ मात्र जपानी उद्योगाच्या पदरी पडला.

एक्सॉनला दोष देणे सोपे आहे. पण भागधारकांना हिशेब देणारी कंपनी अनिश्चित फळाची वाट किती वर्षे पाहणार? म्हणूनच अशा संशोधनाचा भार समाजाने, म्हणजे शासनाने, उचलावा लागतो. भारत सरकारने २०२१ साली बॅटरी-उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु हे प्रोत्साहन प्रत्यक्ष विक्री व देशांतर्गत मूल्यवर्धनाशी निगडित आहे. त्यातून कारखाने उभे राहतील. उद्याच्या बॅटरीचा पदार्थ शोधण्यासाठी प्रयोगशाळांना आणि विद्यापीठांना लागणारा दीर्घ मुदतीचा पैसा वेगळाच द्यावा लागेल. तेलाच्या चढत्या भावाबरोबर जागे होणारे आणि उतरत्या भावाबरोबर झोपी जाणारे धोरण आपल्याला केवळ परक्या शोधांचे गिऱ्हाईक करून ठेवील.