अंकीय दप्तरे आणि वाचकाचा प्रश्न

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील जुनी कागदपत्रे संगणकाच्या पडद्यावर आली की ज्ञानाचे भांडार सर्वांना खुले झाले, असे अलीकडे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. किती लाख पानांच्या प्रतिमा घेतल्या याचे आकडे अहवालांत असतात. त्यांपैकी किती पाने कोणी वाचली, हा रकाना सहसा नसतो. प्रतिमा उपलब्ध होणे आणि मजकूर उपलब्ध होणे यांची ही गल्लत आता निरुपद्रवी राहिलेली नाही.

या उत्साहाच्या समर्थनार्थ केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा दाखला सहज देता येईल. कैरोच्या बेन एझ्रा प्रार्थनागृहातील कोठडीत शतकानुशतके साठलेले ज्यू समाजाचे कागद, म्हणजेच गेनिझा, सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये तेथून मिळविले. सुमारे १,९३,००० तुकड्यांच्या त्या संग्रहाच्या प्रतिमा आज घरबसल्या पाहता येतात. परंतु शेख्टर यांचे लक्ष मुख्यतः धर्मग्रंथांवर होते. व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेब, याद्या यांना फारसे मोल नव्हते. कित्येक तुकडे तर टाकाऊ समजून पेट्यांत भरून ठेवलेले होते. १९५० च्या दशकात गॉयटाइन यांनी त्या पेट्यांकडे लक्ष वेधले. कागद तेच होते. बदलला तो वाचणारा.

या पत्रांची भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. दोन्ही येणारे थोडे, आणि व्यापारी पत्रातील घाईचे वळण लागणारे त्याहून थोडे. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची कागदपत्रे त्यांतलीच आहेत. आलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेत तो आपले हिशेब लिही, कारण कागद त्याला एडनहून मागवावा लागे. (प्रतिमेला मागची बाजू असते, हे सूचीकारांना कोणी तरी सांगायला हवे.) त्याच्या एका सेवकाचे नाव या कागदांत तीन व्यंजनांत येते: ब, म आणि ह. स्वर लिहिलेले नाहीत. गॉयटाइन यांनी ते ‘बामा’ असे वाचले. पुढे अमिताव घोष यांनी त्याचा शोध मंगळूरपर्यंत नेला आणि तुळू लोकपरंपरेचे अभ्यासक विवेक रै यांच्या साहाय्याने ‘बोम्मा’ हे वाचन पुढे आले. १९९२ च्या ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ या ग्रंथात ते आहे. प्रतिमा कितीही स्वच्छ असती तरी तिच्यातून हा ओकार निघाला नसता. तो तुळुनाडूत, माणसांच्या तोंडी असलेल्या नावांत होता.

जगभर विखुरलेले एकाच पानाचे तुकडे संगणकाने जुळवून दिले, ही सेवा मोठीच आहे व ती नाकारणे हटवादीपणाचे होईल. पण जुळलेले पानही वाचावेच लागते. गॉयटाइन १९८५ मध्ये निवर्तले. त्यांनी जमविलेली भारतीय व्यापाराची पत्रे फ्रीडमन यांनी पुरी करून २००८ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आणली. अर्धे शतक लागले, ते वाचनाला.

मराठीला हा प्रश्न परका नाही. येथेही भाषा आपली आणि लिपी दुरावलेली, अशीच स्थिती आहे. मोडी शाळांतून गेली आणि आजोबांचे खत नातवाला परके झाले. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत छापले गेले, तेव्हा मोडी जाणणारे लोक हाताशी होते. आज विद्यापीठे कागदांच्या प्रतिमा घेण्याच्या योजना आखतात. मोडीसाठी मात्र अल्प मुदतीचा वर्ग आणि शेवटी एक प्रमाणपत्र, एवढ्यावर भागवितात. लिपी ओळखणारा आणि दस्तऐवज लावणारा यांत जे अंतर आहे ते वर्षानुवर्षांच्या सवयीचे आहे, आणि ती सवय लावून घेणाऱ्याला पोट असते. यंत्रच उद्या मोडी वाचील, असे उत्तर यावर मिळते. त्या यंत्राला शिकविण्यासाठी आधी हजारो पाने अचूक वाचून द्यावी लागतील. ती कोण वाचणार?

म्हणून प्रत्येक विद्यापीठाने आपल्या योजनेच्या अंदाजपत्रकात यंत्रसामग्रीच्या रकमेशेजारी कायमस्वरूपी दस्तऐवज-वाचकांचे वेतन किती धरले आहे, तो आकडा प्रसिद्ध करावा.