डॉग शोला परीक्षक कोण?

ठाणे-डोंबिवलीत डॉग शोचे बॅनर लागले की पाहुण्यांचे फोटो ठळक, परीक्षकाचं नाव मात्र शोधावं लागतं. मला हे खटकतं. परीक्षकाचं काम गोंडस कुत्रं निवडणं नव्हे. प्रत्येक जातीचं मानक ठरलेलं असतं. दात, चाल, अंगाची ठेवण त्यावर तपासायची. केनेल क्लब ऑफ इंडिया त्यासाठी परीक्षा घेतं. बक्षीस मिळालेल्या कुत्र्याच्या पिल्लांना भाव येतो. धापा टाकणाऱ्या पगला ढाल दिली, तर तेच दुखणं पुढच्या पिढीत जाणार. आपला कारवानी हाउंड ओळखणाराही हवाच ना! म्हणून प्रवेश फी भरण्याआधी आयोजकांना विचारा: परीक्षक कोण, कोणत्या जातींसाठी पात्र?