कामापुरता मामा



‘कामापुरता मामा, ताकापुरती आजी’ ही म्हण स्वार्थी माणसाला लावतात. काम असले की ‘मामा, मामा’ करायचे, ताक हवे असले की ‘आजी, आजी’ करायचे आणि एकदा काम झाले की ओळखही दाखवायची नाही. माणसांशी असे वागणे वाईटच. पण संगणकातल्या आणि फोनमधल्या बोलक्या सोबत्यांशी मात्र अगदी असेच वागावे, असे माझे मत आहे.

रविवारी मुले वर्गात गेली की बाहेर थांबलेल्या पालकांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. गप्पा मारणारी इतकी ॲप्स आहेत, त्यातले कुठले मुलांना द्यावे? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून सगळे माझ्याकडे पाहतात. आमच्या व्यवसायात आधी गरज लिहून काढतात आणि मग साधन निवडतात. इथेही तसेच करू या.

पहिली गरज अभ्यासाची. खान अकॅडमीने २०२३ मध्ये ‘खानमिगो’ हा शिकवणारा सोबती आणला. तो गणिताचे उत्तर हातात ठेवण्याऐवजी उलट प्रश्न विचारत मुलाला उत्तरापर्यंत नेतो, आणि मुलाचे बोलणे पालकांना वाचता येते. घरच्या अभ्यासाला असेच साधन योग्य. तयार उत्तर देणारे साधन म्हणजे दुसऱ्याने केलेला व्यायाम!

दुसरी गरज आपल्या शाळेची, म्हणजे मराठी बोलण्याच्या सरावाची. चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांच्याशी मराठीत बोलता येते. मुलीने ‘मी गेले’ म्हणावे की ‘मी गेली’, हे दहा वेळा विचारले तरी ते कंटाळत नाहीत आणि हसत नाहीत. लाजऱ्या मुलांना याचा खरोखर उपयोग होतो. मात्र त्यांची मराठी कधी पुस्तकी असते, तर कधी हिंदीच्या वळणाची. सोलापूरची आजी ‘काय करायलास?’ असे विचारते, तेव्हा त्यातली माया या यंत्राकडून शिकता येत नाही.

तिसरी गरज गोष्टीतल्या पात्रांशी गप्पा मारण्याची. त्यासाठी ‘कॅरेक्टर एआय’ प्रसिद्ध झाले. पण मुलांच्या सुरक्षिततेवरून खटले आणि टीका झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या. कंपनीनेच दार लावले आहे, तेव्हा खोटे वय लिहून आत शिरू नये.

चौथी गरज सर्वांत अवघड, ती म्हणजे एकटेपणा. नव्या गावी, नव्या शाळेत मित्र नसतात, रात्री झोप येत नाही आणि फोनमधला सोबती मात्र केव्हाही ‘बोल ना’ म्हणतो. २०१७ पासून असलेले ‘रेप्लिका’ हे ॲप याच गरजेसाठी आहे. तो एकटेपणा खोटा नसतो, त्याला हसू नये. पण औषध तपासून घ्यावे.

हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचे शब्द जुळवते, आणि माणसांना आवडेल असे उत्तर देण्याचे शिक्षण त्याला दिलेले असते. त्यामुळे ते सहज होयबा बनते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली, कारण ती प्रत्येकाची वाजवीपेक्षा जास्त स्तुती करू लागली होती. खरा मित्र रुसतो, भांडतो, ‘तुझे चुकले’ म्हणतो. त्याची समजूत काढता काढताच आपण मैत्री शिकतो. न रुसणाऱ्या सोबत्याकडून हे कसे शिकणार?

दुसरे म्हणजे हा सोबती कंपनीच्या मालकीचा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिकाच्या कंपनीने त्याचे वागणे बदलले, तेव्हा ‘आमचा माणूस हरवला’ असे अनेक मोठ्या माणसांना वाटले. लहान मुलांसाठी ‘मॉक्सी’ नावाचा बोलका यंत्रमानव होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने आपण बंद होत असल्याचे कळवले, आणि ‘तुझा मित्र आता बोलणार नाही’ हे मुलांना सांगण्याची वेळ आईवडिलांवर आली.

माझी कसोटी सोपी आहे. काम संपले की जे साधन आपल्याला सोडते, ते चांगले. खानमिगोचे गणित सुटते, मराठीचे वाक्य जमते आणि फोन खाली ठेवता येतो. सोबतीच्या ॲपचे काम मात्र कधी संपतच नाही. आपल्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून नवा कायदा लागू झाला आहे. अशा सोबत्याने मुलांना दर तीन तासांनी ‘मी माणूस नाही, आता थोडा थांब’ अशी आठवण द्यायची आहे. कायदा स्वागतार्ह आहे, पण तीन तास! आपल्या घरात ती वेळच का यावी?

पालकहो, ॲप नुसते बंद करून भागणार नाही. मूल यंत्राशी तासन्‌तास बोलत असेल, तर त्याला बोलायचे आहे एवढे नक्की. ते ऐकायला घरात कोणी मोकळे आहे का, हे आधी पाहावे. आणि मुलांनो, मन फार जड झाले तर ते यंत्राला सांगून थांबू नका. आईबाबांना, बाईंना किंवा शाळेतल्या समुपदेशकांना सांगा. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो, पलीकडे माणूस असतो.

या आठवड्यासाठी एक सूचना करतो. भारतातल्या आजीला जे सांगायचे आहे, त्याची दहा मिनिटे यंत्राबरोबर तयारी करा आणि मग आजीलाच फोन लावा. वाक्य चुकले तर ती हसेल. हसू द्या, आणि तिने ‘काय जेवलास?’ विचारले की लगेच फोन ठेवू नका. मामा कामापुरता चालेल, आजी मात्र ताकापुरती नको.