सिबिल उत्तम, तरी गृहकर्ज का अडतं? बँक स्टेटमेंट काय सांगतं, वाचा

सिबिल स्कोअर ७८०, पगार वेळेवर. तरीही गृहकर्जाची फाइल अडते. कारण बऱ्याचदा बँक स्टेटमेंटमध्ये असतं.

नोकरदारांकडून बँका साधारण सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. त्यात यूपीआयने घेतलेला वडापाव कुणी मोजत बसत नाही. नजर जाते ती बाऊन्स झालेल्या हप्त्यांवर. एसआयपी हे कर्ज नाही, त्यामुळे ती बाऊन्स झाली तरी सिबिलवर दिसत नाही. स्टेटमेंटवर मात्र दिसते. असं दोन-तीनदा झालं, की हा माणूस वीस वर्षं हप्ता कसा भरणार, अशी शंका येतेच. खरं तर अनेकदा पैशांची चणचण नसतेच. पगार सात तारखेला आणि एसआयपी पाचला, एवढंच असतं! तारीख बदलली की काम होतं.

बेटिंग ॲपवर सतत जाणारे पैसेही खटकतात.

डाउन पेमेंटचंही तसंच. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते. स्टॅम्प ड्युटी वेगळी. उरलेले पैसे अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम खात्यात आले, तर ते कुठून आले हे विचारलं जाणारच. काकांनी दिले असतील तर तसं लेखी ठेवावं. उसने आणून शिल्लक फुगवण्याचा एजंटचा सल्ला मात्र ऐकू नये.

पण सगळा दोष ग्राहकाचा नाही. ‘पॉलिसीत बसत नाही’ एवढं सांगून बोळवण करणं चुकीचंच. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार, कर्ज नाकारण्याची मुख्य कारणं बँकेने लेखी कळवायला हवीत. ती मागून घ्यावीत आणि मगच दुसऱ्या बँकेत अर्ज करावा.