जळालेला व्हॉल्व्ह आणि न लिहिलेला इतिहास

१/ मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्ये घडवणाऱ्या हातांची नोंद झाली, हे योग्यच झाले. परंतु आवाज मैदानातील शेवटच्या श्रोत्यापर्यंत नेणारे ध्वनिवर्धक ज्यांनी चालते ठेवले, त्या कारागिरांची नोंद कोठे आहे?

२/ १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९६३ मध्ये सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. जाहीर सभा असो वा जत्रेतील तंबूचा सिनेमा, त्या काळातील ॲम्प्लिफायरचा प्राण होता व्हॉल्व्ह.

३/ व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तापलेल्या कॅथोडपासून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. वाटेतील जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांना आवर घालते. ग्रिडवरील क्षीण संकेतातून प्लेटवर मोठा संकेत उभा राहतो.

४/ आवाज बिघडला की तपास सुरू होई. नळीवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारायची; कर्ण्यातून घणघणाट आला, तर आतले भाग सैल झाल्याचा संशय. काचेच्या आतला चंदेरी थर पांढरा पडला, तर हवा शिरली हे निश्चित. मग जोडीतील दोन नळ्यांची अदलाबदल. दोष नळीबरोबर सरकला तर नळी सदोष. जागीच राहिला तर बिघाड अन्यत्र.

५/ सर्वांत फसवा प्रसंग प्लेट लालभडक होण्याचा. नवी नळी बसवावी, तर तीही लाल! अशा वेळी अनेकदा दोष आधीच्या टप्प्यातील कंडेन्सरचा असतो. तो गळू लागला की ग्रिडवर नको तो धन दाब येतो आणि ग्रिडचा आवर सुटतो. जळताना दिसते नळी. कारण मात्र दडलेले असते.

६/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. दोन साधने समोरासमोर ठेवणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, डोळ्यांना दिसणाऱ्या परिणामालाच कारण न मानणे: ही पुराव्याची शिस्त दुरुस्तीच्या टेबलावरही पाळली जात होती. तिला ‘हातचे काम’ म्हणून बाजूला सारणे हा अभ्यासकांचा दुराग्रह आहे.

७/ कोणी म्हणेल, हे सारे तांत्रिक पुस्तकांत आहेच. पुस्तकात मंडलाची आकृती असते. जनरेटरचा दाब खालीवर होत असताना, हवा तो व्हॉल्व्ह हाताशी नसताना, म्हसवड किंवा पुसेगावच्या यात्रेत रात्र कशी निभावली, हे पुस्तकात नसते. ते माणसांच्या आठवणीत असते.

८/ संग्रहालयातील मुका ॲम्प्लिफायर ही अर्धीच नोंद होय. उरलेली अर्धी सातारा-सांगलीच्या जुन्या दुकानांत आज वार्धक्याकडे झुकली आहे. गडकोटांच्या मोहिमा काढणाऱ्या तरुणांनी एक दिवस अशा एका वृद्ध कारागिरासाठी राखावा आणि त्याची तपासाची रीत त्याच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावी. दगड आणखी शंभर वर्षे थांबतील. ही माणसे थांबणार नाहीत.