केमो जिल्ह्यात येईल, पण नवव्या दिवशी रात्री ताप आला तर?

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली. तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उभी करायची, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. म्हणजे सकाळी जायचं, सलाईनमधून केमो घ्यायची आणि संध्याकाळी घरी यायचं. मुंबईला टाटा हॉस्पिटलजवळ मुक्काम टाकणाऱ्या किंवा पहाटेची एसटी धरून बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल गाठणाऱ्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. भाडं वाचेल, सोबतच्या माणसाचा रोज बुडणार नाही.

केमोचा त्रास मात्र बहुतेक वेळा घरी आल्यावर सुरू होतो, आणि घर गावात असतं. घोषणेचा हिशेब तिथंच अपुरा पडतो.

त्रास का होतो?

कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. केमोची बरीचशी औषधं अशा वाढत्या पेशींनाच मारतात. पण तणनाशक मारताना वारा सुटला की शेजारचं पीकही करपतं, तसंच इथं होतं. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर, हाडातला मगज जिथं रक्त तयार होतं, हेही भराभर वाढणारे भाग. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात, रक्त कमी होतं. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात आणि उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात.

उलटीवर चांगल्या गोळ्या आहेत. पण त्या सांगितलेल्या वेळेलाच घ्यायच्या. ‘उलटी झाली तर बघू’ म्हणून ठेवून दिली तर गोळी कमी पडते. कॅन्सर शिवल्याने लागत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही. फक्त केमोनंतर पहिले दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घालावेत.

सातवा ते चौदावा दिवस

सगळ्यात जपायचे दिवस हे. केमोनंतर साधारण या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. याच पेशी जंतूंशी लढतात. त्या परत भरून याव्यात म्हणून बऱ्याच रुग्णांना पुढचा डोस २१ दिवसांनी देतात.

या दिवसांत १०० पॉइंट ४ किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजून आली, तर ती तातडीची वेळ समजायची. ना खोकला, ना पू, ना सूज, फक्त ताप, असंही होतं. गावात अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तापाची गोळी देतात आणि ‘सकाळी बघू’ म्हणतात. गोळीने ताप उतरतो, आतला जंतू वाढतच राहतो. नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे कमरेत इंजेक्शन घेतात. रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी झालेल्या असतील तर तिथंच आत रक्त साकळू शकतं. अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक लागतं, तेही शक्यतो पोहोचल्यावर तासाभरात. वेळेत मिळालं तर हा ताप बहुतेकदा आटोक्यात येतो. नाही मिळालं तर जीव जातो, आणि गाव म्हणतं, ‘केमोनेच माणूस गेला.’ मग शेजारच्या घरातली बाई आपली केमो अर्ध्यावर सोडते.

या दिवसांत गोठा झाडणं, शेण काढणं, फवारणी ही कामं दुसऱ्याने करावीत. पाणी उकळून, जेवण ताजं आणि गरम. कोणताही काढा किंवा जडीबुटी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

तालुक्याने काय विचारावं?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, त्यात केमोही येते. कॅन्सर रुग्णाला एसटी आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. पण रात्री दोन वाजता ताप आला तर प्रश्न वेगळेच असतात. ग्रामीण रुग्णालयात त्या वेळी रक्ताच्या पेशी मोजता येतील का? शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक कपाटात आहे का? ड्युटीवरच्या डॉक्टरला डे-केअर केंद्राचा नंबर माहीत आहे का? गावात कोणाची केमो चालू आहे, हे आशाताईंना कोण कळवणार? यातल्या कुठल्याही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत हे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत, केंद्राची फीत कापल्यावर नाही.

तोपर्यंत घरच्यांनी एवढं करावं. घरात थर्मामीटर ठेवावा. केमोची तारीख आणि औषधांची नावं असलेला कागद एका पिशवीत तयार ठेवावा. केमो देणाऱ्या हॉस्पिटलचा रात्री लागणारा नंबर निघतानाच मागून घ्यावा. ताप दिसला की त्या नंबरवर फोन करावा, गाडी नसेल तर १०८ ला लावावा, आणि डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हेच बोलावं: ‘यांची केमो चालू आहे, आज नववा दिवस आहे.’